रिकाम्या खुंटीचा गडी

दिवाळी अंकासाठी लिहा, असं सांगायला संपादक स्वतः घरी आले. विषयही तेच ठरवून आले होते, ‘माझ्या पाहण्यातले नामांकित चढाईबहाद्दर’. त्यांचा चहा संपेपर्यंत मी ऐकून घेतलं. ते उंबऱ्याबाहेर पडले आणि माझं डोकं तापलं, ते अजून उतरलेलं नाही. उभी हयात हुतुतूच्या मैदानाच्या कडेला घालवलेल्या माणसाला विचारायचं काय, तर कोणी किती गडी मारले! चढाईबहाद्दरांचं कौतुक जत्रेत झालं, वर्तमानपत्रांत झालं, पानाच्या दुकानांवर झालं. आणखी किती करायचं? मी लिहिणार आहे ते एका अशा गड्याबद्दल, ज्याने माझ्याकडे खेळताना जवळजवळ कोणाला मारलं नाही आणि कोणाला धरलंही नाही. संपादकांना छापायचं तर छापोत.

आधी माझ्या नोकरीविषयी सांगतो, कारण असली नोकरी आता कुठे राहिलेली नाही. मी निपाणीच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. तिथून मला भाऊशेठ नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने उचललं आणि आपल्या वखारीत नेलं. त्या काळी बड्या व्यापाऱ्यांपैकी कोणाला पैलवान पोसायचा नाद, कोणाला शर्यतीच्या बैलांचा. आमच्या शेठना हुतुतूचा. गावोगावचे चांगले गडी हेरायचे, त्यांना वखारीत कामाला लावायचं, मागच्या चाळीत राहायला खोली द्यायची आणि जत्रेत, उरसात वखारीच्या नावाने खेळवायचं. म्हणायला सगळे हमाल. प्रत्यक्षात सकाळी जोरबैठका, दुपारी जमेल तसे चार बोद इकडचे तिकडे करायचे आणि संध्याकाळी खेळ. बोद म्हणजे तंबाखूचं ठासून भरलेलं भलंथोरलं पोतं. पाला निवडायला बसलेल्या बायका आमच्या गड्यांकडे बघून नाकं मुरडायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. या सगळ्या लवाजम्याला शिकवणारा, दटावणारा आणि रात्री त्यांच्या पायांना तेल मिळतंय की नाही बघणारा तो मी. मला सगळे मास्तर म्हणायचे.

आमचं मैदान वखारीच्या अंगणातच होतं. तंबाखूचा खकाणा तिथल्या मातीत मुरलेला. आमच्या गड्यांना त्याचं काही वाटायचं नाही, पण बाहेरगावचा गडी दम घेऊन चढाईला आला, की मध्यावर पोचेपर्यंत त्याच्या नाकात हुळहुळायला लागायचं. भरल्या दमात शिंक आली की दम तुटला आणि गडी बाद! एकदा संकेश्वराकडचा एक मोठा मिशाळ गडी ओळीने दोन डावांत शिंकून बाद झाला, तेव्हा त्याने सरळ पंचांची मानगूट धरली. शेठ मात्र घरच्या मैदानावरच्या प्रत्येक विजयानंतर छाती पुढे काढून म्हणायचे, “आमची पोरंच तशी हायती!” निम्मे सामने आमच्यासाठी मातीच जिंकत होती, हे त्यांना कोण सांगणार?

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूचा गडी ‘हुतुतू’ म्हणत, एका दमात, समोरच्यांच्या अंगणात शिरतो. कोणाला शिवून दम न तोडता परत आला तर शिवलेला गडी मेला. त्याला धरून ठेवला आणि त्याचा दम तुटला तर तोच मेला. आमच्याकडे मेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसायचा. ज्या बाजूचे सगळे संपले ती बाजू डाव हरली. बघणाऱ्याला यात दोनच गोष्टी दिसतात, मारला आणि धरला. तिसरी गोष्ट असते. चढाईला आलेला गडी नुसताच आला, इकडेतिकडे बघितलं, दम संपत आला म्हणून रिकामा परत गेला. त्यावर कोणी टाळी वाजवत नाही. उलट “अरे, काय खेळ हाय का झोपा काढताय?” म्हणून ओरडतात.

हा रिकामा परत पाठवणारा गडी म्हणजे आमचा जिनाप्पा. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, भावांच्या वाटण्या होऊन याच्या वाट्याला काही राहिलं नाही म्हणून वखारीत आलेला. बायको, चंद्राक्का, तिथेच पाला निवडायची. अंगाने सडपातळ, उंचीला बेताचा, आणि चेहरा असा की बाजारात दिसला तर ओळख पटू नये. घरात कानडी बोलायचा. मैदानावर डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि समोरून गडी आला की वासराला बोलवावं तसा हळू आवाजात म्हणायचा, “बा… बा…” म्हणजे ये, ये. आणि कोण येईल तिकडे? त्याचं सगळं कसब पावलात होतं. चढाईवाला त्याच्या बाजूला वळायचं मनात आणतो न आणतो तोच जिनाप्पा अर्धं पाऊल पुढे आलेला असायचा. हात लांब करावा तर हा आवाक्याच्या जरासा बाहेर, आत शिरावं तर परतीची वाट हा बंद करणार. मग बिचारा मधल्या बाजूला वळायचा. तिथे आमचा खंडू टपलेला असायचाच.

खंडू येळ्ळूरचा. छातीने दणकट, हाताचा विळखा पडला की सुटका नाही. धरलेल्या गड्यावर तो असा कोसळायचा की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा. नाव त्याचंच व्हायचं, आणि त्यालाही ते आपलंच वाटायचं. मनाने वाईट नव्हता, पण जिनाप्पाला चिडवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. “जिनू, तू कोपऱ्यात न्हाईस तर तिथं एक बोद ठेवला तरी चालतंय बघ,” म्हणायचा. जिनाप्पा हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही.

आता ती खुंट्यांची भिंत. जत्रेतल्या सामन्यानंतर ज्याने सगळ्यात जास्त गडी मारले किंवा धरले त्याला गावचा पाटील फेटा बांधायचा, ही आमच्या भागातली जुनी रीत. शेठनी त्यावर आपलं डोकं चालवलं. वखारीच्या पडवीत भिंतीला ओळीने खुंट्या ठोकून घेतल्या, एकेका गड्याची एकेक. मिळालेला फेटा त्याने आपल्या खुंटीवर अडकवायचा. माल बघायला येणाऱ्या व्यापाऱ्याला शेठ तंबाखू नंतर दाखवायचे, आधी ही भिंत. खंडूच्या खुंटीवर फेट्यांचा भारा झाला होता. गुलाबी, केशरी, मोरपंखी. जिनाप्पाच्या खुंटीवर त्याचा अंग पुसायचा टॉवेल असायचा.

एकदा बेळगावहून एक अडते आले. बडी असामी. भिंतीपुढून जाताना टॉवेलापाशी थांबले आणि म्हणाले, “भाऊशेठ, हा कोण पाहुणा ठेवलाय?” बरोबरची माणसं खो खो हसली. झालं! एवढ्यावर शेठचा पारा चढला. पाहुणे गेल्या गेल्या त्यांनी मला गादीपाशी बोलावलं. खंडू आणि आणखी चारपाच गडी पडवीत होतेच.

“मास्तर, हा जिनाप्पा आपल्याकडं करतोय काय?”

“कोपरा सांभाळतोय.”

“कोपरा काय पळून चाललाय व्हय? कुणाला मारलं त्यानं? कुणाला धरलं?”

मी म्हटलं, “शेठ, त्याच्या बाजूने कोणी येत नाही. आला तर रिकामा जातो. आपले गडी मरत नाहीत ते त्याच्यामुळे. खंडूच्या हातात गडी येतात तेही हाच तिकडे ढकलतो म्हणून.”

खंडू पडवीतून म्हणाला, “मास्तर, म्या धरतो ते माझ्या हातानं. ह्यानं काय मला गडी ताटात वाढून दिलं?”

“ताटातच वाढतो तो, खंडू. तुला फक्त जेवताना दिसत नाही.”

यावर शेठ जोरात हसले. मला वाटलं, पटलं. कसलं काय! म्हणाले, “मास्तर, तुमी शाळेतली मानसं. लई बोलता. जे झालंच न्हाय ते मला दावताय. मी तंबाखूचा धंदा करतो, जो बोद वखारीत आला त्योच माझा. न आलेला बोद दावून कुणी मला पैसं मागितलं तर मी देईन का?” मी म्हटलं, “वखारीला पहारेकरी ठेवलाय तुम्ही. त्याने आजवर एकही चोर पकडला नाही. काढून टाका त्यालाही.” पडवीत कोणीतरी खुदकन हसलं आणि तिथेच माझं चुकलं असावं, कारण शेठना आपल्या माणसांसमोर हरायची सवय नव्हती. त्यांनी फर्मान काढलं. येळ्ळूरच्या जत्रेतल्या सामन्यात जिनाप्पाने फेटा मिळवायचा. नाही मिळवला तर खोली रिकामी करायची.

चंद्राक्का पाला निवडायचं सोडून पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं. तिने शेठना नाही, मला विचारलं, “मास्तर, मंग आमी जायचं कुठं?” मला अजून तो प्रश्न ऐकू येतो आणि अजून माझ्या मुठी वळतात.

येळ्ळूरला सामना होता शहापूरच्या विणकरांशी. असे चपळ गडी मी दुसरे पाहिले नाहीत. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या, त्यामुळे पोटऱ्या दोरखंडासारख्या आणि पाय कधी स्थिर नाहीत. त्यांचा परशराम तर उभ्या उभ्या दिशा बदलायचा. येळ्ळूरच्या मातीत तंबाखू नव्हता, म्हणजे शिंकेची मदत नव्हती. तिथे खरी परीक्षा होती. मैदानाला बघ्यांचं कडं, पाटलाच्या शेजारी खुर्चीवर शेठ, आणि शेठच्या मांडीवर जरीकाठी लाल फेटा. तो त्यांनी स्वतः निपाणीहून आणला होता. पाटलाच्या हातून द्यायचा फेटा, पण धरून बसले होते हे!

मैदानात उतरण्याआधी जिनाप्पा माझ्याकडे आला. “मास्तर, काय करू?”

मी म्हटलं, “तू तुझा कोपरा सांभाळ. पुढचं मी बघतो.”

“तुमी काय बघनार?” त्याने विचारलं. रागाने नव्हे. खरंच माझ्या हातात काय आहे, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पहिला डाव आम्ही जिंकला. जिनाप्पा नेहमीसारखा खेळला. परशराम तीनदा आला आणि तीनदा रिकामा गेला. खंडूने दोन गडी लोळवले आणि गावचाच गडी म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. दुसरा डाव त्यांनी जिंकला. तिसऱ्यात दोन्हीकडे पाच पाच गडी उरले असताना मी पाहिलं, शेठनी मांडीवरचा फेटा उचलून हवेत धरला आणि जिनाप्पाला दाखवला. बैलाला पेंडी दाखवावी तसा. जिनाप्पाने तिकडे एकदा बघितलं. मग कड्याच्या पलीकडे बायकांत बसलेल्या चंद्राक्काकडे बघितलं.

परशराम चढाईला आला. या वेळी जिनाप्पा “बा… बा…” म्हणाला नाही. कोपरा सोडून त्याने झेप घेतली आणि परशरामचा घोटा असा धरला की तो गडी तिथेच तोंडावर आपटला. काय पकड होती! माझ्या तोंडून वाहवा निघून गेली, खोटं कशाला सांगू? या माणसाला पकड येत नव्हती असं नाही, ती त्याने आमच्यासाठी बाजूला ठेवली होती. कडं उसळलं. शेठ खुर्चीवर उभे राहिले. पुढचा गडी आला, जिनाप्पाने पुन्हा झेप घेतली, पुन्हा धरला. त्यांचे तीन उरले, आमचे पाच. लोक त्याचं नाव विचारायला लागले.

पण शहापूरकर काही खुळे नव्हते. त्यांना कळलं की हा आता कोपऱ्यात थांबत नाही. तिसरा गडी आला, त्याने जिनाप्पाला पायाचं आमिष दाखवलं, जिनाप्पा झेपावला आणि तो गडी रिकाम्या झालेल्या कोपऱ्यातून मागे शिरला. खंडूची पाठ तिकडे होती. तिकडून कोणी येऊ शकतं, याची त्याला सवयच नव्हती! त्याच्या पाठीवर थाप पडली तेव्हा तो शेजारच्या गड्यावर खेकसला, त्याला वाटलं आपलाच कोणी आहे. खंडू बाहेर. पाठोपाठ तसेच आणखी दोघे बाहेर. आमचा चौथा चढाईला गेला, त्याला त्यांनी धरलं. शेवटी जिनाप्पा एकटा उरला, आणि ज्याने कधी चढाई केली नव्हती त्याला चढाई करावी लागली. तो गेला, तिघांनी त्याला उचलून खाली ठेवला. डाव गेला, सामना गेला.

आणि मग काय झालं ते वाचा. सगळ्यात जास्त पकडी कोणाच्या, म्हणून पाटलांनी विचारलं. खंडूच्या दोन, जिनाप्पाच्या दोन. पण खंडूच्या पहिल्या डावातल्या, लोक विसरले होते. “परशरामाला धरला त्यो!” म्हणून गलका झाला आणि तो लाल फेटा जिनाप्पाच्या डोक्याला बांधला गेला. शेठ टाळ्या वाजवत होते. हरलो होतो हो आम्ही! त्याच पकडींच्या हव्यासापायी हरलो होतो! आणि हा माणूस टाळ्या वाजवत होता. फेट्याखाली जिनाप्पाचा चेहरा मेल्यागत झाला होता. चंद्राक्का मात्र रडत हसत होती, आणि तिला बोल लावायला माझी जीभ कशी रेटणार? तिची खोली वाचली होती.

मोटारीत शेठनी पराभवाचं कारण शोधून काढलं. “खंडू म्हातारा झाला. सगळं त्याच्याच बाजूनं गेलं. मास्तर, उद्यापास्नं त्याला सुट्टी.” मी ओरडलो. हो, शेठवर ओरडलो. सांगितलं की ती बाजू उघडी पडली ती तुमच्या हातातल्या फेट्यामुळे. ते शांतपणे म्हणाले, “जिनाप्पानं दोन धरलं. खंडू मेला. डोळ्यांनी बघितलंय.” डोळ्यांनी बघणाऱ्यापुढे कोणी काय बोलावं?

खंडूला सकाळी निरोप गेला. तो पडवीत आला तेव्हा जिनाप्पा शेठच्या हुकमावरून आपला फेटा खुंटीला लावत होता, टॉवेल काढून. आम्हाला वाटलं आता मारामारी होते. खंडू सरळ त्याच्याजवळ गेला. मग म्हणाला, “जिनू, काल माझ्या पाठीवर थाप पडली न्हवं, तवा मला कळलं रं. इतकी वर्सं माझ्या पाठीमागं तू हुतास.” जिनाप्पा म्हणाला, “काल न्हवतो, अण्णा.” एवढंच. खंडूने आपल्या खुंटीवरचा फेट्यांचा सगळा भारा कवेत उचलला आणि जिनाप्पाच्या खुंटीवर लादला. एकावर एक, खुंटी वाकेपर्यंत. “हे तुझंच हाय. मी नुस्तं डोक्यावर घालत हुतो,” म्हणाला, आणि पिशवी उचलून येळ्ळूरची वाट धरली.

जिनाप्पा दिवसभर बोद उचलत राहिला. संध्याकाळी मैदानावर आलाच नाही. आठवड्याभरात चंद्राक्काने भांडीकुंडी बांधली आणि दोघं तिच्या माहेरच्या गावी निघून गेली. जी खोली वाचवण्यासाठी एवढं झालं, ती त्यांनी आपण होऊन सोडली. मी मोटारअड्ड्यापर्यंत गेलो होतो. थांब म्हणायचं माझ्या मनात होतं. जिनाप्पाच म्हणाला, “मास्तर, आता कोपऱ्यात हुबा ऱ्हायलो तरी शेठ फेटा दावनार. अन् मला आता त्यो दिसनार.” जाताना त्याने फक्त टॉवेल नेला.

त्यानंतर आमचा संघ घरच्या मातीत तेवढा जिंकत राहिला. बाहेर गेलो की मार. शेठ दरवेळी नवा गडी आणायचे, दरवेळी पकडीवाला नाहीतर चढाईवाला. कोपऱ्यात उभं राहायला कोणी तयारच होत नव्हतं. आणि का व्हावं?

तेच बेळगावचे अडते वर्षभराने पुन्हा आले. शेठ त्यांना घेऊन भिंतीपाशी गेले. त्या वाकलेल्या खुंटीपुढे थांबून, हात फिरवत म्हणाले, “हा आमचा जिनाप्पा. तुमी हसला हुता न्हवं? बघा आता. असा पकडीचा गडी ह्या मुलखात झाला न्हाय. किती मानसं धरली आसतील त्यानं, मोजा की!”

अडते खरंच मान डोलवत मोजायला लागले. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “शेठ, यातला एकच फेटा त्याचा आहे. आणि तो मिळाला त्या दिवशी आपण हरलो.”

शेठनी पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आमचं मास्तर मानूस चांगलं हाय,” ते म्हणाले, “पर त्यांस्नी खेळातलं काय कळत न्हाय.”